पडदा कुणाचा उजवा?

फोन घेताना दोन मॉडेलांपैकी कोणाचा डिस्प्ले चांगला, या एकाच प्रश्नाची नाना रूपे वाचकांच्या पत्रांतून आली. त्यातली निवडक पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत. पाठवणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : ई-पीक पाहणीसाठी भर उन्हात बांधावर उभे राहून फोनमध्ये माहिती भरावी लागते. माझ्या फोनच्या खोक्यावर ४५०० निट्स (पडद्याच्या उजळपणाचे माप) छापले आहे. पुतण्याच्या आयफोन १५ ला कंपनी २००० निट्स सांगते. तरी शेतात त्याचाच पडदा नीट दिसतो आणि माझ्या पडद्यावर हाताची सावली धरावी लागते. छापलेला आकडा खोटा समजायचा का? – एक शेतकरी, मोहोळ

खोटा नाही. तो कधी आणि पडद्याच्या किती भागावर मिळतो, एवढे खोक्यावर लिहिलेले नसते. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, अशा पडद्याचे निदान तीन आकडे असतात. ब्राइटनेसची पट्टी हाताने शेवटपर्यंत सरकवल्यावर मिळणारा उजेड हा पहिला. ऑटो ब्राइटनेस चालू असताना उन्हात फोन स्वतःहून वाढवतो तो दुसरा. तिसरा ‘पीक’. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या) व्हिडिओत दिव्याची ज्योत किंवा सूर्याचा ठिपका असा इवलासा भाग क्षणभर जेवढा उजळतो, तो हा आकडा. पडद्याचा बाकी भाग काळा असेल तेव्हाच त्या एका कोपऱ्याला एवढी वीज देता येते. पूर्ण पांढरे पान उघडले की तोच फोन पुष्कळ खाली येतो. ॲपलने आयफोन १५ साठी हे आकडे सुटे सुटे दिले आहेत : नेहमीचे १०००, एचडीआरचे १६०० आणि बाहेरच्या उजेडातले २०००. बऱ्याच कंपन्या ‘पीक’ तेवढा ठळक छापतात. तुमचे ४५०० बहुधा त्याच जातीचे.

दुसरी गोष्ट परावर्तनाची, आणि बांधावर खरा खेळ तिचाच. साध्या काचेवरून समोरच्या उजेडाचा साधारण ४ ते ५ टक्के भाग परत येतो. डोक्यावरच्या निरभ्र आकाशाचा उजळपणा ५००० निट्स धरा. त्याचे साडेचार टक्के म्हणजे सुमारे २२५ निट्स. म्हणजे पडद्यावरचे ‘काळे’ अक्षर काळे राहतच नाही, त्यावर २२५ निट्सची राख बसते. आता पडदा पूर्ण पानावर ५०० निट्स देत असेल तर पांढरे ७२५ आणि काळे २२५, म्हणजे प्रमाण जेमतेम सव्वातीनास एक. १००० दिले तर साडेपाचास एक. आणि पडदा १००० निट्सचाच ठेवून परावर्तन १ टक्क्यावर आणले, तर काळे ५० आणि पांढरे १०५०, म्हणजे एकवीसास एक. उजेड दुप्पट करण्यापेक्षा चकाकी कमी करण्याने जास्त साधते, ते असे. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्राला जी गोरिला आर्मर काच लावली, ती परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत घटवते असा ती बनवणाऱ्या कॉर्निंगचा दावा आहे. मात्र अशा काचेवर बाजारातली साधी टफन ग्लास चिकटवली की पैसे पाण्यात, कारण उजेड परततो तो सर्वांत वरच्या पृष्ठभागावरून.

आहे त्याच फोनवर करण्याजोगे :

शेतात जाण्यापूर्वी ऑटो ब्राइटनेस चालू करा. पुष्कळ फोनांत उन्हातला वाढीव उजेड फक्त ऑटोमध्येच मिळतो, हाताने पट्टी कितीही ओढली तरी नाही. सॅमसंगच्या ए आणि एम मालिकेतल्या अनेक फोनांत ऑटो बंद केल्यावर ‘एक्स्ट्रा ब्राइटनेस’ असे वेगळे बटण दिसते, ते पाहा. उजेड मोजणारा सेन्सर वरच्या कडेला असतो. टफन ग्लासची काळी किनार त्यावर आली असेल तर फोनला वाटते आपण खोलीतच आहोत. डार्क मोड बंद करा, कारण उन्हात पांढऱ्यावर काळे वाचता येते, काळ्यावर पांढरे नाही. प्रायव्हसी ग्लास असेल तर काढून टाका, ती समोरून पाहतानाही उजेड खाते. आणि टफन ग्लास फक्त कडांना चिकटलेली, मध्ये हवा राहिलेली असेल, तर त्या हवेच्या थरामुळे आणखी दोन पृष्ठभागांची चकाकी वाढते. पूर्ण चिकटणारीच घ्या.

एवढे करूनही दहा मिनिटांत पडदा मंदावला, तर फोन तापला आहे. तापमान वाढले की फोन आधी ब्राइटनेस उतरवतो, आणि त्यावर सेटिंगचा इलाज नाही. सूर्याकडे पाठ करून अंगाच्या सावलीत फोन धरा, आणि फोटो काढून झाला की खिशात टाका. मोटारसायकलच्या टाकीवर ठेवू नका.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास बहुतेक पीडीएफवर चालतो. एक फोन ६.७ इंची, ७२० × १६००, एलसीडी, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे होते). दुसरा ६.६७ इंची, १०८० × २४००, ॲमोलेड, तोही १२० हर्ट्झ, पण थोडा महाग. दुकानदार म्हणतो एवढ्याशा पडद्यावर फरक कळत नाही. शिवाय ॲमोलेडमध्ये ठिपके कमी असतात असेही वाचले. – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे

दुकानदाराचे म्हणणे व्हिडिओपुरते निम्मे खरे. अभ्यासासाठी साफ चूक. ए४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर. ६.७ इंची फोन उभा धरला तर पडदा जेमतेम ७० मिलिमीटर रुंद. म्हणजे पान एक तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे. ७२० पिक्सेलच्या पडद्यावर त्या अक्षराला, वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून, उभ्यात साधारण १४ पिक्सेल मिळतात. १०८० वर २२. इंग्रजी अक्षर १४ पिक्सेलांत कसेबसे निभावते. आपल्याकडे त्यातच शिरोरेघ, तिच्यावर रफार, त्याला टेकून अनुस्वार, खाली जोडाक्षराचा अर्धा पाय. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेघेपाशी एखाद-दोन पिक्सेलांचाच उरतो. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ तर सरळ एक होतात. मग तुम्ही वाचत नाही, अंदाज करता, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात.

आता हिशेब. रुंदी आणि उंचीच्या पिक्सेलांच्या वर्गांची बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा आणि इंचांतल्या कर्णाने भागा. पहिला फोन येतो २६२ पिक्सेल प्रति इंच, दुसरा ३९५. सहा बाय सहा दृष्टीचा डोळा एक कलामिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील ओळखतो. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनसाठी याचा अर्थ सुमारे २९१. पहिला फोन या रेषेच्या खाली, दुसरा बराच वर.

ठिपके कमी असतात हे खरे आहे. ॲमोलेड हा ओएलईडीचाच प्रकार, तर एलसीडीला उजेड मागच्या दिव्यातून मिळतो. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके असतात. बहुतेक ॲमोलेडमध्ये प्रत्येक पिक्सेलला हिरवा एक, पण लाल आणि निळा शेजाऱ्याशी वाटून घेतलेला. त्यामुळे लाल-निळ्याची घनता छापील आकड्याला १.४१ ने भागून येते. ३९५ चे झाले २७९, आणि हे भागलेले २७९ सुद्धा पहिल्या फोनच्या २६२ पेक्षा जास्तच आहेत. हिरवा, ज्यावर डोळ्याला बारकावा सर्वाधिक कळतो, तो पुरता ३९५. (गंमत पाहा : आयफोन ११ चा एलसीडी ३२६ चा, आयफोन १२ चा ओएलईडी ४६० चा. ४६० ला १.४१ ने भागले की येतात ३२६ च.)

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर पांढरे पान उघडून पडद्यावर बोटाने पाण्याचा बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो. एलसीडीत लाल-हिरव्या-निळ्या सलग उभ्या पट्ट्या दिसतील, ॲमोलेडमध्ये तिरक्या जाळीतले सुटे ठिपके. फोन पाण्याला तोंड देणारा नसेल तर थेंब खरोखर थेंबच असू द्या.

दुसरा फोन घ्या. पहिलाच परवडत असेल तर पीडीएफ आडव्या पडद्यावर वाचा, अक्षर सव्वादोनपट मोठे होते.

प्रश्न : एलसीडी सोडून ॲमोलेड फोन घेतल्यापासून रात्री अंथरुणात वाचताना कपाळ ठणकते. ब्राइटनेस तर सगळ्यात खाली ठेवते. – एक वाचक, डोंबिवली

ब्राइटनेस सगळ्यात खाली आहे म्हणूनच कदाचित. ॲमोलेड पडदे उजेड कमी करण्यासाठी बहुधा ठिपके मंद करत नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. जितका मंद पडदा, तितका बंद राहण्याचा काळ मोठा. हा वेग २४० हर्ट्झच्या आसपास असेल तर डोळ्याला लुकलुक दिसत नाही, पण काही जणांना ती बाधते. नव्या अनेक फोनांत हा वेग १९२० किंवा त्याहून जास्त असतो, आणि तेव्हा त्रासाची शक्यता घटते.

तपासायची रीत : खोलीत अंधार करा, पांढरे पान उघडा, ब्राइटनेस नेहमीइतकी खाली आणा. पडद्यासमोर पेन झरझर पंख्यासारखे हलवा. पेनाची छाया सलग धूसर पसरली तर ठीक, पण पाच-सहा सुट्या सुट्या पेनांसारखी तुटक दिसली तर लुकलुक आहे. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर १/२००० सेकंदावर ठेवून पडद्याकडे धरले तर जाड काळे पट्टे दिसतील. पट्टे जितके रुंद आणि गडद, तितका वेग कमी आणि लुकलुक जास्त.

उपाय असा की पट्टी अर्ध्यावर ठेवा आणि मग अँड्रॉइडचे ‘एक्स्ट्रा डिम’ किंवा आयफोनचे ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ चालू करा. यात पट्टी वरच राहते आणि चित्रच फिके पाठवले जाते, त्यामुळे बंद राहण्याचा काळ वाढत नाही. काही फोनांत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘डीसी डिमिंग’ किंवा ‘फ्लिकर कमी करा’ असा पर्याय असतो. तो चालू केल्यावर गडद राखाडी रंगांत थोडी झाक येईल, ते चालवून घ्या. आणि शक्य तर डोक्याशी छोटा दिवा लावा. पंधरवड्यात फरक पडला नाही तर मात्र डोळे तपासून घ्या, प्रत्येक डोकेदुखीचा दोष पडद्यावर टाकू नये.

प्रश्न : आम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून पैठण्या विकतो. एकाच साडीचा एकच फोटो सॅमसंगवर राणी रंगाचा, आयफोनवर जरा विटका आणि तिसऱ्याच फोनवर वांगी दिसतो. साड्या परत येतात. खरा रंग कोणता फोन दाखवतो? – एक दुकानदार भगिनी, येवला

एकेक गाठ सोडवू या. बहुतेक अँड्रॉइड फोन कारखान्यातून ‘व्हिविड’ रंगांवर येतात. त्यात पांढरा किंचित निळसर आणि लाल-हिरवे ताणून भडक केलेले असतात. शोरूममध्ये ते खपते. तुमच्या धंद्याला ते मारक. सॅमसंगवर सेटिंग्ज, डिस्प्ले, स्क्रीन मोड इथे जाऊन ‘नॅचरल’ करा. इतर कंपन्यांत हेच ‘नॅचरल’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘स्टँडर्ड’ नावाने असते. आयफोनला असे मोड नाहीत, तो मुळात नॅचरलच्या जवळ असतो. पण ‘ट्रू टोन’ खोलीतल्या दिव्याप्रमाणे पांढरा बदलतो, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली साडी पिवळी करतो. तो आणि ‘नाइट शिफ्ट’ बंद करा. अँड्रॉइडवर ‘आय कम्फर्ट’ किंवा ‘रीडिंग मोड’ बंद. एवढे केल्यावर दोन्ही फोन शेजारी ठेवा. फरक पुष्कळ मिटलेला दिसेल, आणि ‘विटका’ वाटणारा आयफोनच खऱ्याच्या जवळ होता हेही.

पुढची गाठ फोटोची. आयफोन फोटो पी३ या रुंद रंगपट्टीत साठवतो. ती जुन्या एसआरजीबीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने मोठी. पलीकडच्या ॲपने फोटोसोबतची रंगाची नोंद वाचली नाही तर रंग फिके पडतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवते, त्यात जरीची चमक आणि काठाची बारीक नक्षी आधी जाते. महत्त्वाच्या गिऱ्हाइकाला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते.

कॅमेऱ्यात सीन ओळखणारी सुधारणा बंद करा, ती ‘कापड’ किंवा ‘फूल’ समजून रंग चढवते. फोटो उत्तरेकडच्या खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात, खोलीतले सगळे दिवे बंद करून घ्या. एका जागी दोन प्रकारचे उजेड आले की पांढऱ्याचा तोल बिघडतो आणि नंतर सुधारता येत नाही. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या आसपास कायम ठेवा, म्हणजे निदान सगळ्या साड्या एकाच मापाने मोजल्या जातील. संदर्भासाठी साडीशेजारी पांढरा कागद ठेवण्याची पद्धत आहे, पण ए४ कागदात चमक आणणारी रसायने असतात आणि दिवसाच्या उजेडात तो निळसर दिसतो. फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारे करडे कार्ड किंवा न रंगवलेले सुती कापड जास्त भरवशाचे.

तरी शेवटी एक गाठ उरते, आणि ती कुठल्याच पडद्याने सुटत नाही. उभा ताणा निळा आणि आडवा बाणा गुलाबी असला की कापड धूपछाँव होते. समोरून जांभळे, निरीवर गुलाबी, वाकवले की निळे. फोटोत यातला एकच क्षण येतो. अशा साडीचा फोटो पाठवूच नका, पदर हळूहळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा आणि खाली लिहा, ‘ताणा अमुक, बाणा तमुक’. मोरपंखी आणि गडद राणी हे रंग साध्या रंगपट्टीच्या अगदी काठावर येतात, स्वस्त एलसीडीवर ते मळकेच दिसणार. हे गिऱ्हाइकाला आधीच कळवलेले बरे.

प्रश्न : दुकानात दोन फोन शेजारी ठेवून पडदा तपासायचा, तर नेमके काय आणि कोणत्या क्रमाने? – एक वाचक, बेळगाव

घरून निघताना स्वतःच्या फोनवर किंवा ड्राइव्हवर पाच चित्रे ठेवा : पूर्ण पांढरे, पूर्ण काळे, अगदी गडद राखाडी, घरातल्या माणसाच्या चेहऱ्याचा साधा फोटो आणि मराठी पुस्तकाचे एक पान. दुकानातला डेमो व्हिडिओ पाहायचाच नाही. तो त्या फोनच्या गुणांसाठी बेतलेला असतो.

पहिले काम, दोन्ही फोन एका पातळीवर आणणे. ऑटो ब्राइटनेस, ट्रू टोन आणि डोळ्यांच्या आरामाचे मोड बंद. रंग नॅचरल. मग दोन्हींवर पांढरे पान उघडून ब्राइटनेस डोळ्यांच्या अंदाजाने सारखी करा. ही पायरी सगळेच गाळतात, आणि तिथेच फसतात : जो फोन जरासा उजळ, तोच डोळ्याला सरस वाटतो, मग त्याचे रंग आणि बारकावा कसाही असो.

आता चेहरा. कातडीचा रंग ओळखीचा असल्याने त्यात खोट लगेच कळते. मग फोन ४५ अंशांत कलता करा. ओएलईडीवर पांढऱ्यात हिरवट-निळसर झाक येते, ती किती हे बघा. एलसीडीवर काळा पांढुरका होतो. गडद राखाडी चित्र ब्राइटनेस खाली आणून दोन्ही हातांच्या ओंजळीत बघा. एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला हिरवे असे ढग दिसले तर तो नग नको, दुसरा मागा. त्याच मंद उजेडात काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर हळू वर सरकवा. अक्षरामागे जांभळी शेपटी राहत असेल तर रात्री वाचताना रोज ती दिसेल. सगळ्यात शेवटी ऑटो ब्राइटनेस चालू करून दोन्ही फोन घेऊन दुकानाच्या दारात या. दुकानदार नाही म्हणाला तर निदान शोरूमच्या काचेपाशी.

दोन पडद्यांचा तिसऱ्या फोनने फोटो काढून तुलना करू नका. कॅमेरा उजेड आणि पांढरा स्वतःच्या मर्जीने ठरवतो. यूट्यूबवर शेजारी ठेवलेले पडदे पाहतानाही तुम्ही शेवटी स्वतःचाच पडदा पाहत असता.

प्रश्न : १२० हर्ट्झचा फोन घेतला, पण मित्राच्या फोनइतका मऊ सरकत नाही. – एक वाचक, लातूर

आधी सेटिंगमध्ये ६० वर तर नाही ना ते बघा. बॅटरी सेव्हर चालू केला की पुष्कळ फोन गुपचूप ६० वर उतरतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो रिफ्रेश रेट’ लावले की कोपऱ्यात आकडा दिसतो. नकाशे, कॅमेरा आणि बरेच खेळ ६० वरच चालतात, तो दोष नव्हे. तुमचा पडदा एलसीडी असेल तर १२० हर्ट्झला प्रत्येक चौकटीच्या वाट्याला ८.३ मिलिसेकंद येतात, आणि स्वस्त पॅनेलमधले स्फटिक रंग बदलायला त्याहून जास्त वेळ घेतात. आकडा १२०, अक्षर मात्र पुसट. मित्राचा ओएलईडी असावा.

प्रश्न : ॲमोलेड फोनचा डिस्प्ले फुटला. बाहेर निम्म्याहून कमी पैशांत कॉम्बो (काच आणि पडदा एकत्र) बदलून घेतला. आता काळा रंग करडा दिसतो, पडद्यावरचे फिंगरप्रिंट चालत नाही, बॅटरी लवकर उतरते. दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट करा. – एक वाचक, अमरावती

अपडेटने काही होणार नाही. तुमच्या फोनला ॲमोलेडऐवजी एलसीडी बसवला आहे. बाजारात त्याला टीएफटी किंवा इनसेल म्हणतात. तिन्ही लक्षणे एकाच कारणाची. एलसीडीत मागून दिवा सतत जळतो, काळ्या जागीही, म्हणून काळा करडा आणि बॅटरीवर ताण. आणि पडद्याखालचा ऑप्टिकल सेन्सर ओएलईडीच्या ठिपक्यांमधल्या फटींतून बोट पाहतो. एलसीडीच्या मागे परावर्तक पत्रा असतो, त्याला काही दिसतच नाही. खात्री करायची तर अंधारात पूर्ण काळे चित्र उघडा. पडदा मंद उजळलेला दिसला, कडांना जास्त, तर एलसीडीच. एलसीडी जाड असल्याने कडाही चौकटीपेक्षा किंचित वर आलेली असेल, नख फिरवून बघा. त्या फटीतून पावसाळ्यात पाणी शिरते.

पुढच्या वेळी काम देण्याआधी ‘ओरिजिनल आहे का’ एवढेच विचारू नका, त्याला उत्तर ठरलेले असते. विचारा : टीएफटी, इनसेल, हार्ड ओएलईडी की सॉफ्ट ओएलईडी? सॉफ्ट म्हणजे मूळ पॅनेलसारखे लवचीक. हार्ड म्हणजे काचेच्या पाट्यावरचे, कडा थोड्या जाड पण रंग खरे. बिलावर प्रकार लिहून घ्या आणि फिंगरप्रिंट चालते हे पाहूनच पैसे द्या. फक्त वरची काच फुटली असेल आणि चित्र, स्पर्श शाबूत असेल, तर मशीनवर काच तेवढी बदलून मिळते. मूळ पॅनेल वाचते. पण हे काम हाताचे आहे, सोडवताना पॅनेल गेले तर जबाबदारी कुणाची हे आधी ठरवा.

आयफोन ११ आणि पुढच्या मॉडेलांत सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे परक्या डिस्प्लेची नोंद दिसते. जुना आयफोन विकत घेताना पहिली नजर तिथे टाका.

प्रश्न : अपडेटनंतर पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली. – एक वाचक, फोंडा

स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाहा. त्यात रेघ नसेल तर दोष पॅनेलचा किंवा त्याच्या जोडणीचा. पिक्सेलांच्या एका उभ्या रांगेला चित्राचा संदेश पोहोचवणारी तार तुटली की ती रांग एकाच रंगात अडकते. रीसेट मारून ती जाणार नाही. आज एक आहे, उद्या तीन होतील आणि स्पर्शही जाऊ शकतो, म्हणून आजच बॅकअप घ्या. काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलांना वॉरंटी संपल्यावरही असा डिस्प्ले फुकट बदलून दिला आहे. पैसे भरण्याआधी सेवा केंद्रात तेवढे विचाराच. मात्र फोन बाहेर उघडलेला असेल तर ही सवलत बहुधा नाकारतात.

प्रश्न : टफन ग्लास ९एच आणि ११डी अशी मिळते. फोनच्या गोरिला काचेपेक्षा ती कडक असते का? – एक वाचक, ठाणे

९एच हा पेन्सिलीने ओरखडा काढण्याच्या कसोटीचा आकडा आहे, खनिजांच्या मोह्स मापाचा नाही. वाळूतले क्वार्ट्झ मोह्सवर ७ आहे आणि ते ९एच काचेवरही चरे पाडते. ११डीला तर काहीच अर्थ नाही, तो काळ्या किनारीचा बाजारी दर्जा. काच फुटण्यासाठीच लावायची, या हिशेबाने स्वस्तातली घ्या.

प्रश्न : दिवसभर डिलिव्हरीचे ॲप आणि नकाशा चालू असतो. आता दुसरे काही उघडले तरी खालच्या बटणांची आणि वरच्या पट्टीची पुसट छाया दिसते. – एक वाचक, पिंपरी

ओएलईडीचे ठिपके जितके जळतात तितके झिजतात, निळे सर्वांत आधी. तुमच्या पडद्यावर त्या जागांची झीज वेगळी झाली आहे आणि ती परत येत नाही. यूट्यूबवरचे रंग चमकवणारे ‘बर्न-इन फिक्स’ व्हिडिओ बाकीचा पडदाही झिजवतात, एवढाच त्यांचा परिणाम. उरलेला पडदा जपायचा तर बटणांऐवजी बोटाच्या इशाऱ्यांचे नेव्हिगेशन लावा, नकाशा डार्क थीमवर ठेवा, हँडलवरच्या होल्डरला छोटी टोपी लावा म्हणजे फोन पूर्ण ब्राइटनेसवर जाणार नाही. पुढचा फोन फक्त याच कामासाठी घेणार असाल तर एलसीडीच घ्या. या एका धंद्यात तो उजवा.

प्रश्न : पोलराइज्ड गॉगल लावून फोन आडवा धरला की पडदा काळा पडतो. बायकोच्या फोनला असे होत नाही. फोन बिघडला का? – एक वाचक, मालवण

नाही. पडद्यातून उजेड एका विशिष्ट दिशेने गाळून बाहेर येतो, गॉगलही गाळतो. दोन्ही गाळण्या काटकोनात आल्या की अंधार. तुमच्या फोनमध्ये तो कोन आडव्यावर पडतो. काही कंपन्या वरून आणखी एक पापुद्रा देऊन हे टाळतात, तुमच्या पत्नीच्या फोनात तसा असावा. गाडीवर नकाशा पाहायचा असेल तर फोन उभा लावा. नवा घेताना गॉगल घालूनच दुकानात जा आणि फोन हातात घेऊन एकदा पूर्ण फिरवून बघा.